किलोमीटर मोजावेत की पावसाळे?

वाचकाचे पत्र, थोडक्यात: "मी देवगड तालुक्यात राहतो. शिक्षकाच्या नोकरीतून निवृत्त झालो आहे. माझी चार सिलिंडरची पेट्रोल गाडी आठ वर्षांची असून आजवर ४१,००० किलोमीटर चालली आहे. रोजचा वापर म्हणजे घर ते बाजार, तीन-साडेतीन किलोमीटर. शिवाय वर्षातून दोन-तीनदा कोल्हापूर किंवा पुणे. यंदाच्या पावसाळ्यात सकाळी गाडी सुरू केली की ती थरथरायची आणि पाच-दहा मिनिटांनी सुरळीत व्हायची. गेल्या महिन्यात फोंडाघाट चढताना मात्र इंजिन चांगले तापलेले असूनही गाडीने झटके खाल्ले आणि इंजिनाचा पिवळा दिवा लागला. गॅरेजात स्कॅनर लावल्यावर दोन नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसफायर निघाला, म्हणजे तिथे पेट्रोल मधूनमधून पेटतच नाही. तिथे मला इरिडियमचे चार स्पार्क प्लग (ठिणगी टाकणारे), चार नव्या कॉईल (प्लगला वीज पुरवणाऱ्या), इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा भाग) व थ्रॉटल (हवा आत सोडणारी झडप) यांची सफाई आणि इंजिन फ्लश, म्हणजे इंजिन आतून धुणे, असा एकत्रित खर्च सांगितला आहे. माझा शेजारी सीएनजीची प्रवासी गाडी चालवतो; तो दर २०,००० किलोमीटरला प्लग बदलतो. पुण्याचे मेहुणे म्हणतात, त्रास होईपर्यंत प्लगला हात लावू नये. माझ्या गाडीचे प्लग आजवर एकदाही काढलेले नाहीत. मी कोणाचे ऐकावे? प्लग स्वतः बदलता येतील का? आणि इतकी कमी चालणारी गाडी सर्व्हिसिंगला केव्हा न्यावी?"

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मी दोनदा वाचले, कारण त्यात आपण न विचारलेली एक गोष्टही दडलेली आहे. आपल्या गाडीला दोन वेगवेगळी दुखणी आहेत, असे मला वाटते. सकाळच्या दमट हवेत थरथरून तापल्यावर बरी होणारी गाडी आणि तापलेली असूनही चढावर झटके खाणारी गाडी, ही लक्षणे एकाच कारणाची असतीलच असे नाही. आठ वर्षे न काढलेले प्लग बदलायला हवेत, यात मला शंका नाही. परंतु केवळ प्लग बदलून सकाळची थरथर थांबेल, असे आश्वासन मी आपल्याला देणार नाही.

आधी प्लगचे पाहू. इंजिन मिनिटाला सरासरी २,००० फेरे फिरते असे धरले, तर चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक प्लग मिनिटाला १,००० वेळा, म्हणजे तासाला ६०,००० वेळा ठिणगी टाकतो. आपल्याकडच्या रस्त्यांवर ताशी तीस किलोमीटरची सरासरी धरून हिशेब केला, तर ४१,००० किलोमीटरांत आपल्या गाडीच्या एकेका प्लगने आठ कोटींच्या आसपास ठिणग्या टाकल्या आहेत. दर ठिणगीला धातूचा अगदी सूक्ष्म अंश झिजतो. नव्या प्लगच्या मधल्या टोकाची कड चौकोनी आणि धारदार असते. जुन्या प्लगची कड हाताळून गुळगुळीत झालेल्या पाटीवरच्या पेन्सिलीसारखी गोल होते, आणि दोन टोकांमधला गॅप वाढत जातो. बऱ्याच पेट्रोल गाड्यांत हा गॅप ०.८ ते १.१ मिलिमीटरच्या दरम्यान ठरवून दिलेला असतो. तो वाढला की तीच ठिणगी उडवायला कॉईलला अधिक दाबाची वीज तयार करावी लागते. ॲक्सिलरेटर दाबून चढ चढताना सिलिंडरमध्ये हवा-पेट्रोलाचे मिश्रण जास्त भरते व जास्त दाबले जाते, आणि त्या दाबात ठिणगी उडणे सर्वांत कठीण असते. म्हणून सपाट रस्त्यावर नीट चालणारी गाडी फोंड्याहून दाजीपूरकडे चढताना मिसिंग करू लागते. झिजलेल्या प्लगची पहिली तक्रार घाटातच ऐकू येते.

मेहुण्यांचा सल्ला मला याच कारणाने मान्य नाही. मिसफायर झालेल्या सिलिंडरमधले न जळलेले पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जाते, तिथल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे धूर शुद्ध करणाऱ्या भागात, पेटते आणि तो भाग जाळून निकामी करू शकते. चार प्लगांच्या किमतीत आणि कन्व्हर्टरच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पिवळा दिवा स्थिर लागलेला असेल तर गाडी सावकाश घरी किंवा गॅरेजपर्यंत नेता येते. तो लुकलुकू लागला, तर मात्र ॲक्सिलरेटरवरचा पाय तत्काळ हलका करावा आणि सुरक्षित जागा मिळताच गाडी बाजूला घेऊन थांबवावी. "आता घाट थोडाच उरला आहे" म्हणून तशीच दामटू नये, ही माझी आपल्याला कळकळीची विनंती आहे.

आपल्या शेजाऱ्याचे म्हणणे त्याच्या गाडीपुरते बरोबर आहे. सीएनजी पेटवण्यासाठी पेट्रोलपेक्षा जास्त दाबाची ठिणगी लागते, त्यामुळे प्लगची टोके लवकर झिजतात आणि वाढलेला गॅप लवकर जाणवतो. शिवाय प्रवासी गाडी रस्त्यात बंद पडली तर त्याची दिवसाची कमाई बुडते. त्याने २०,००० किलोमीटरचा नेम धरला असेल तर तो शहाणपणाचा आहे, परंतु तो आपल्याला लागू होत नाही. साध्या निकेलच्या प्लगसाठी पेट्रोल गाड्यांच्या पुस्तिकांत साधारण ३०,००० ते ४०,००० किलोमीटरांचा टप्पा दिलेला आढळतो, तर इरिडियमच्या प्लगसाठी तो १,००,००० किलोमीटरांच्या आसपास असतो. आपल्या गाडीचा नेमका आकडा तिच्या पुस्तिकेत आहे आणि तोच प्रमाण मानावा.

इरिडियम घ्यावे का, हा प्रश्न थोडा सविस्तर पाहण्यासारखा आहे. निकेल १,४५५ अंश सेल्सिअसला वितळते, तर इरिडियम २,४४६ अंशांना. त्यामुळे इरिडियमचे टोक अगदी बारीक करता येते आणि तरीही ते फार काळ टिकते. हा गुण खरा आहे, आणि वर्षाला २५,००० किलोमीटर फिरणाऱ्या माणसाला त्याचे पैसे वसूलही होतात. आपली गाडी मात्र वर्षाला पाच हजार किलोमीटर चालते. त्या हिशेबाने इरिडियमच्या प्लगचे आयुष्य संपायला वीस वर्षे लागतील, आणि समुद्रापासून हाकेच्या अंतरावर उभ्या राहणाऱ्या गाडीत कोणताही प्लग वीस वर्षे तसाच राहू द्यावा असे मी कधीही सांगणार नाही. प्लगचे अंग पोलादाचे असते आणि इंजिनाचे हेड, म्हणजे प्लग ज्यात बसतो तो सिलिंडरांवरचा भाग, ॲल्युमिनियमचे. खारट दमटपणा या दोन धातूंच्या सांध्यात शिरला की तिथे गंज धरतो आणि प्लग आट्यांत बसून जातो. वरचा मुलामा काही वर्षे राखण करतो, पण कायमची नव्हे. म्हणून गाडीसोबत मुळात निकेलचे प्लग आले असतील, तर त्याच क्रमांकाचे निकेलचेच प्लग पुन्हा घालावेत आणि इरिडियमवर खर्च होणारे पैसे वाचवावेत. कंपनीने मुळातच इरिडियमचे दिले असतील, तर मात्र स्वस्त पडतात म्हणून निकेलवर उतरू नये.

क्रमांक म्हणतो तो यासाठी की प्लगवरच्या अक्षरांत आणि आकड्यांत त्याच्या आट्यांची जाडी, लांबी आणि उष्णता-श्रेणी लिहिलेली असते. एनजीके या कंपनीच्या पद्धतीत आकडा वाढला की प्लग अधिक थंड, म्हणजे उष्णता लवकर बाहेर सोडणारा असतो, बॉशच्या पद्धतीत याच्या उलट. त्यामुळे दुकानदाराने "यातलाच आहे, बसेल" म्हणून दिलेला प्लग आट्यांत बसला तरी इंजिनाला मानवेलच असे नाही. बनावट प्लगही बाजारात असतात, तेव्हा खात्रीच्या दुकानातून पक्क्या बिलावरच घ्यावेत.

आता सकाळच्या थरथरीकडे येतो. कॉईलपासून प्लगपर्यंत वीज ज्या लांब रबरी नळीतून जाते, तिला आपल्याकडे कॉईलचे बूट म्हणतात. आठ वर्षांच्या उष्णतेने हे रबर कडक होते आणि त्याला केसासारख्या चिरा पडतात. पावसाळ्यातल्या खारट दमट हवेचा पातळ थर तिथे बसला, की ठिणगी गॅपमधून उडण्याऐवजी बुटाच्या आतल्या बाजूने सरळ हेडवर उतरते. इंजिन तापले की ओल सुकते आणि गाडी सुरळीत होते. आपण वर्णन केलेले लक्षण याच्याशी तंतोतंत जुळते, आणि ते एकाच सिलिंडरमध्ये निघाले आहे हेही त्याला पूरक आहे. प्लगचा पांढरा भाग उजेडात धरून पाहावा. लोखंडी भागाच्या अगदी वर तपकिरी रंगाचे वलय दिसले तर घाबरू नये. उच्च दाबाच्या विजेमुळे हवेतले तेलकट कण तिथे चिकटतात आणि त्याने काही बिघडत नाही. परंतु पांढऱ्या चिनीमातीवर वरून खाली उतरलेली शिसपेन्सिलीच्या रेघेसारखी काळी रेघ दिसली, तर वीज तिथून पळत होती असे खुशाल समजावे. अशा वेळी प्लगबरोबर बूटही बदलावे लागते, नाहीतर नव्या प्लगवरही तीच रेघ उमटते.

चारही कॉईल बदलण्याआधी एक बिनखर्चाची परीक्षा करावी. गाडी थंड असताना दोन आणि तीन नंबरच्या कॉईलची अदलाबदल करावी, गॅरेजवाल्याकडून स्कॅनरवर दिसलेला दोषाचा जुना कोड पुसून घ्यावा आणि दोन-चार दिवस गाडी चालवावी. दोन नंबरच्या सिलिंडरचा कोड पी०३०२ असा असतो आणि तीन नंबरचा पी०३०३. दोष कॉईलबरोबर तीन नंबरला गेला, तर ती एकच कॉईल किंवा तिचे बूट खराब आहे. दोन नंबरलाच राहिला, तर दोष प्लगमध्ये, इंजेक्टरमध्ये किंवा खुद्द सिलिंडरमध्ये शोधावा लागेल. ही परीक्षा नवे प्लग घालण्यापूर्वीच करावी. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी केल्या तर कशाने गुण आला ते कळणार नाही.

प्लग स्वतः बदलता येतील का? आपल्या गाडीत प्लग वरच्या बाजूला, हाताला येतील असे असतील, तर होय. घाई नसेल तर हे काम सकाळच्या एका तासाचे आहे. घाई कशी महागात पडते ते मी स्वतः पाहिले आहे. मी ज्या गॅरेजात काम शिकलो तिथे एका संध्याकाळी गिऱ्हाईक दारात उभे असताना गरम इंजिनातच प्लग बसवला गेला. पहिल्या दोन फेऱ्यांत तो किंचित तिरका गेला होता आणि लांब दांड्याच्या पान्याने ते हाताला जाणवले नाही. पाना एकदम सैल फिरू लागला तेव्हा हेडचे आटे ॲल्युमिनियमच्या चकाकत्या किसासारखे प्लगवर गुंडाळून आले होते. हेड उतरवावे लागले, तारेच्या स्प्रिंगचे नवे आटे बसवावे लागले आणि गाडी चार दिवस उभी राहिली. तेव्हापासून मी प्लगला पाना लावण्यापूर्वी निदान पाच-सहा फेरे बोटांनीच फिरवतो.

म्हणून इंजिन पूर्ण थंड असू द्यावे. रात्रभर उभी असलेली गाडी उत्तम. कॉईलच्या प्लास्टिकच्या कनेक्टरची खिटी आठ वर्षांत ठिसूळ झालेली असते, ती ओढून न काढता दाबून सोडवावी. कॉईलचा लहान बोल्ट काढल्यावर कॉईल डावी-उजवीकडे थोडी फिरवून वर उचलावी, म्हणजे बूट तुटून आत राहत नाही. मग प्लग ज्या खोल खळग्यात बसलेला असतो त्या विहिरीत विजेरीने पाहावे. आपल्याकडे तिथे तांबड्या मातीचा थर असतोच, पण पाणी किंवा तेल दिसले तर ते लिहून ठेवावे. पाणी म्हणजे वरच्या झाकणाकडून पावसाचा शिरकाव, तेल म्हणजे व्हॉल्व्ह कव्हरच्या गॅस्केटची गळती. डोळ्यांना चष्मा लावून टायरच्या पंपाने ती माती फुंकून काढावी, प्लग अर्धा फेरा सैल करून पुन्हा एकदा फुंकावी आणि मगच तो पूर्ण काढावा. मातीचा एक खडा सिलिंडरमध्ये पडणे परवडणारे नाही. प्लग घट्ट बसला असेल तर जोर करू नये. गंज सोडवणारे तेल सोडून तासभर थांबावे आणि मागे-पुढे थोडे थोडे फिरवत काढावा. तरीही हलत नसेल तर तिथेच थांबून अनुभवी मेकॅनिककडे गाडी द्यावी. आठ वर्षांनी पहिल्यांदाच प्लग निघत असल्याने ही शक्यता आपण गृहीत धरलेली बरी.

निघालेले चारही प्लग वर्तमानपत्रावर एक ते चार अशा क्रमाने मांडावेत. फिकट बदामी किंवा राखाडी रंग असेल तर सिलिंडरमध्ये ज्वलन नीट होत आहे. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जाते आहे किंवा एअर फिल्टर तुंबला आहे. आपल्यासारख्या तीन किलोमीटरांच्या फेऱ्यांनीही अशी काजळी धरते, कारण प्लगला स्वतःची काजळी जाळण्यासाठी सुमारे ४५० अंशांच्या वर तापावे लागते आणि बाजारापर्यंत जाईपर्यंत तो पुरेसा वेळ तिथे टिकत नाही. ओला तेलकट काळेपणा म्हणजे इंजिन ऑइल सिलिंडरमध्ये येते आहे. पांढरा फटक, फोड आल्यासारखा दिसला तर तो प्लग अति तापला आहे. चारांत एकच वेगळा दिसला तर त्या एकाच सिलिंडरकडे लक्ष द्यावे.

नवा प्लग खाली पडला असेल तर तो वापरू नये. आतल्या चिनीमातीला गेलेला तडा बाहेरून दिसत नाही. गॅप मोजून घ्यावा. बारीक टोकाच्या प्लगमध्ये मधल्या टोकाला गेज टेकवून दाबू नये. आट्यांना तेल-ग्रीस काही लावू नये, कारण मुलामा असलेल्या प्लगला ते लावले की त्याच ताकदीत तो गरजेपेक्षा जास्त आवळला जातो. प्लगच्या वरच्या टोकावर रबरी नळीचा वीतभर तुकडा बसवून त्यानेच फिरवत आत न्यावा. तिरका जात असेल तर नळी आपोआप घसरते आणि आटे वाचतात. शेवटचे आवळणे टॉर्क पान्याने, म्हणजे किती जोर लागला ते दाखवणाऱ्या पान्याने, करावे. १४ मिलिमीटर आट्यांच्या वॉशरवाल्या प्लगसाठी ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये साधारण २५ ते ३० न्यूटन मीटर आणि १२ मिलिमीटरसाठी १५ ते २० हे प्रमाण असते. पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तो पाळावा. टॉर्क पाना नसेल तर प्लगच्या खोक्यावर छापलेले फेऱ्याचे माप पाहावे. बुटाच्या तोंडाला आतून विजेसाठीचे सिलिकॉन ग्रीस अगदी पातळ लावले, तर दमट हवेत त्याचा चांगला उपयोग होतो.

यापुढे प्लग दर दोन वर्षांनी, पावसाळा संपल्यावर, एकदा काढून पाहावेत व पुन्हा बसवावेत, आणि पुस्तिकेतला टप्पा येताच बदलावेत. पुन्हा बसवताना वॉशर आधीच दबलेला असतो, त्यामुळे नव्या प्लगइतका फेरा देऊ नये.

बाकीच्या देखभालीविषयी माझे मत असे की आपल्या गाडीचे वय किलोमीटरांत न मोजता पावसाळ्यांत मोजावे. पुस्तिकेत "१०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते" असे लिहिलेले असते. आपल्याकडे नेहमी वर्षच आधी येते, आणि लोक नेमके तेच विसरतात. छोट्या फेऱ्यांत इंजिन ऑइल पुरते तापत नाही, त्यात उतरलेली वाफ आणि पेट्रोल उडून जात नाही. म्हणून गाडी पाच हजार चालली असो वा तीन, ऑइल आणि त्याचा फिल्टर वर्षातून एकदा बदलावाच. त्यासाठी दसऱ्याचा सुमार धरावा. खंडेनवमीला आपण गाडी धुऊन पुजतोच, त्याच आठवड्यात हे काम उरकावे. पंधरा दिवसांतून एकदा तरी गाडी तीस-चाळीस मिनिटे सलग चालवली तर ऑइलला आणि बॅटरीलाही बरे.

ब्रेक ऑइलबाबत मी जास्त आग्रही आहे. ते हवेतले पाणी शोषते, आणि आपल्या हवेत पाण्याला तोटा नाही. डॉट ३ या प्रतीच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू नवे असताना किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, पाणी शोषल्यावर तो १४० अंशांपर्यंत उतरलेला चालतो असे त्याचे मानक सांगते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. घाट उतरताना सतत ब्रेक दाबला, की जुन्या ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल एकदम मऊ पडून खाली जाते. आपले ब्रेक ऑइल आठ वर्षांत बदलले नसेल, तर प्लगच्याही आधी ते बदलावे आणि पुढे दर दोन वर्षांनी, मृग लागण्यापूर्वी, बदलत राहावे.

एअर फिल्टर दर पाच हजारांना उघडून पाहावा. चिरेखाणीच्या वाटेवर जाणे-येणे असेल तर त्याआधी. कूलंटमध्ये विहिरीचे पाणी घालू नये, तयार मिश्रणच वापरावे. बॅटरीच्या टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी कोमट पाण्याने धुऊन वर व्हॅसलीन लावावे. पावसाळ्यात गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर हँडब्रेक न ओढता गिअरमध्ये ठेवावी आणि चाकांना चिरे लावावेत, म्हणजे ब्रेक गंजून चिकटत नाहीत. किनाऱ्यावर जाऊन आल्यास गाडीचे पोट गोड्या पाण्याने धुवावे.

गॅरेजवाल्याच्या यादीतील इंजिन फ्लश आणि इंजेक्टरची सफाई मी आज करणार नाही. कॉईलच्या अदलाबदलीनंतरही मिसफायर दोन नंबरलाच राहिला आणि नव्या प्लगनेही गेला नाही, तर इंजेक्टर तपासणे योग्य ठरेल. थ्रॉटलची सफाई गाडी जागेवर वर-खाली आवाज करत असेल तरच करावी.

पुढच्या पुण्याच्या किंवा कोल्हापूरच्या फेरीआधी हे सारे उरकावे. आधी ब्रेक ऑइल, मग कॉईलची अदलाबदल, मग प्लग या क्रमाने जावे. काढलेले प्लग टाकून देऊ नयेत. त्यांवर नंबर लिहून ठेवावेत आणि चारांचे रंग, मोजलेले गॅप व दोन नंबरच्या विहिरीत पाणी किंवा तेल दिसले का, एवढे मला कळवावे. ती काळी रेघ प्लगवर असेल, तर पुढचे उत्तर मी एका बुटाच्या किमतीत देऊ शकेन.